पाकिटावरचा हुद्दा

मंगळवार, १२ फेब्रुवारी

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत. हिचा गुडघा तेवढा कुरकुरतो. धाकटीची परीक्षा झाली. तुझा खोकला कसा आहे?

तुझं पत्र मिळालं. फोडलेलं मिळालं. छापखान्याच्या पत्त्यावर, ठळक अक्षरांत 'सुपरवायझर साहेब' असं लिहितोस, मग ते सुपरवायझरच्या टेबलावर जातं. किती वेळा सांगितलं, घरी पाठवत जा. पण शिपायापासून सगळ्यांना कळायला हवं ना, तुझा भाऊ कोण आहे ते.

आता विचारशील, तुझ्या टेबलावरचं पत्र फोडणारा कोण? सांगतो. आधी दुसरं ऐक.

सुपरवायझरच्या त्या काचेच्या खोलीत मी अकरा महिने बसलो. काम काय, तर काम चाललंय का ते बघणं. काचेपलीकडे चौघं पुस्तकं शिवायचे. एकाचा दोरा सैल पडला की इकडे माझी बोटं वळवळायची. जेवणाच्या सुट्टीत गुपचूप जाऊन ते पुस्तक उसवायचो आणि परत शिवायचो. मॅनेजरांनी पकडलं. म्हणाले, "साहेब, सुई तुम्ही धरलीत तर त्यांनी काय धरायचं?" वर लेखी ताकीद. पंचवीस वर्षांत पहिली, आणि तीही काम केल्याबद्दल. हसू नकोस.

घरी देवापुढे बसलो तरी मन हजेरीपटात. ही म्हणाली, "बढती मिळाल्यापासून तुम्ही जेवणाला नावं ठेवायला लागलात." खोटं नव्हतं.

महिना झाला, दादा. अर्ज करून मी खुर्ची परत केली. पत्र नव्या सुपरवायझरने फोडलं. 'आपल्या घरात इतकं वर कुणी गेलं नाही, आता खाली बघू नकोस' हे तुझं वाक्य त्याने माझ्या बाकावर आणून ठेवलं, माझ्याकडे न बघता.

गावच्या शाळेत जाऊन तू माझ्या बढतीचं मास्तरांनाही सांगून आलास, ठाऊक आहे. म्हणून तर महिनाभर लिहवलं नाही. रागव, हक्क आहे तुझा. पण निवृत्त झाल्यावर तू रंधा हातात घेतलास, आणि तेव्हापासून तुझ्या पत्रांत एकही तक्रार नसते. मी साठीपर्यंत थांबलो नाही, एवढंच.

सोबत वडिलांची प्रार्थनेची वही पाठवतोय, नव्याने शिवून. पूर्ण उघडून बघ, एखादं पान सुटतंय का.

पुढचं पत्र घरी टाक. हुद्दा लिहायचाच असेल तर खरा लिही.

तुझा धाकटा,
बाइंडर