तीस टक्के म्हणजे नापास

प्रिय तनया,

सगळ्यात आधी हे वाच: तुमचं भात वाचलं. काल झोडणी झाली. सुट्टी लागलेल्या शाळेच्या ओट्यावर आठवडाभर पेंढ्या उलटसुलट करत होतो, पण लोंब्यांना मोड आले नाहीत. तुझे बाबा रोज एक दाणा दाताखाली कटकन फोडायचे आणि माझ्याकडे बघायचे. 

कापणीच्या सकाळी पावसाच्या अंदाजातल्या तीस टक्क्यांचं फोनवर विचारलं तेव्हा तू नीट सांगितलं होतंस. तीस टक्के म्हणजे असे दहा दिवस आले तर त्यातल्या तीन दिवशी पाऊस पडतो, आणि आजचा दिवस कुठला ते कुणालाच ठाऊक नसतं. ताडपत्री जवळ ठेवा, असंही म्हणालीस. मी फक्त 'तीस' ऐकलं. पस्तीसच्या खाली म्हणजे नापास, एवढंच कॉलेज मला कळलं होतं. पाऊस नापास झालाय, असं आपल्या सावडीतल्या, एकमेकांच्या शेतात राबणाऱ्या, अकरा घरांना ठणकावून सांगितलं आणि तुमच्याच शेतात पहिला विळा लावला. दुपारी भिवपुरीच्या डोंगरावरून जो आला, तो तासभर हलला नाही. मग रागाच्या भरात मी तुला काय लिहिलं, ते पुन्हा लिहीत नाही. तुझ्या शिक्षणावर गेलो, त्याची लाज वाटते.

परवापर्यंत मी तुझ्या बाबांशी तावातावाने भांडत होतो, की सत्तर टक्के कोरडं म्हणजे कोरडंच पाहिजे. ते म्हणाले, "दहादा सावडीला हाक मारली तर तू सातदा येतोस. म्हनून उद्या येशीलच असं धरून बसू काय रं, ऋतिक?" शेजारच्या विमलबाई हसून हसून खाली बसल्या. मला राग आला, आणि तो उतरायच्या आत कळलंही.

आता तुला माहीत नसेल ते. पाऊस आल्यावर सगळे माझ्या अंगावर आले, तेव्हा मी तुझं नाव पुढे केलं. पुण्यात शिकणाऱ्या पोरीनं बापाचंच भात भिजवलं, असं गाव म्हणू लागलं. त्या बोलण्यापायी तू दिवाळीला आली नाहीस, तरी मी गप्प बसलो. काल झोडणीनंतर सगळे चहाला टेकले असताना उभा राहून खरं सांगितलं. शिव्या पडल्या, पण इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. बाबा म्हणाले, "मंग तिलाबी तूच कळव." तू माझा नंबर बंद केलायस, म्हणून हे पत्र. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण घरी ये. तोंड लपवायची पाळी आता माझी आहे, तुझी नाही.

नको म्हणालीस तरी तुझाच,
ऋतिक