पापुद्र्याखालचं लोणी

चांदवड,
ता. ४ फेब्रुवारी १९९८

चि. पूजास आबांचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीची पानं पोचली. चष्मा पुसून पुसून दोनदा वाचली. मी चौथी शिकलेला माणूस, पण नातीनं विचारलं म्हणून सांगतो. तुझा होळकरांचा शिलेदार चार महिन्यांनी मोहिमेवरून घरी येतो आणि दारातच बायकोला चंद्राची उपमा देतो, हे काही मला पटलं नाही. आधी तो घोड्याला पाणी पाजील. बायको चुलीपाशी असेल, ती बाहेर येणारच नाही. आणि ओसरीवर सासू बसलेली असेल, तिचं तू काय केलंस? ही दोघं खोटी वाटतात म्हणून प्रकाशकांनी वही परत केली, ते बरोबरच केलं. रागावू नकोस.

तुझ्या आजीच्या डोळ्याची पट्टी सुटली का? थेंब वेळेवर घालते का? मोतीबिंदूला पंधरा दिवस पुरतात असं इथे सगळे सांगतात, आज एकवीस झाले. तिला नाशिक फारच मानवलेलं दिसतं. माझं काय, तुझी आई वेळेवर जेवायला वाढते. तक्रार नाही. पण घर खायला उठतं.

शेळी व्याली, दोन करडं आहेत, हे तिला सांग. आशीर्वाद आहेतच, पत्राला उशीर नको.

तुझा,
आबा

नाशिक,
ता. ९ फेब्रुवारी १९९८

ती. आबांस पूजाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आजीला वाचून दाखवलं. सासूला मी साफ विसरले होते. आता तिला ओसरीवर बसवलं आहे. मग मी आजीलाच विचारलं, की सासूच्या डोळ्यांदेखत नवऱ्यानं माया दाखवायची तरी कशी? तिनं जे सांगितलं ते तसंच लिहून काढलं. शिलेदार आधी जेवतो. मागून त्याच ताटात बायको जेवणार, हे त्याला ठाऊक असतं. तो भाकरीचा खरपूस पापुद्रा अलगद सोडवतो, त्याखाली आपल्या वाटणीचं लोणी ठेवतो आणि ताटाच्या कडेला तसाच सोडून हात धुवायला उठतो. बायको ताटावर बसते आणि पापुद्रा उचलून बघते.

प्रकाशकांना हा प्रसंग इतका आवडला की पुस्तक छापायला घेतो म्हणाले! हे तुझ्यासाठी कुणी केलं, असं आजीला विचारलं तर पदर तोंडाला लावून म्हणाली, होतं एक माणूस. नाव काही सांगेना.

डोळा छान आहे, पण डॉक्टरांनी अजून आठवडाभर थांबवलंय. काल गोरक्षआजोबा द्राक्षं घेऊन तिला बघायला आले होते. दोघं दोन तास जुन्या गोष्टी काढून हसत होती.

लोभ असावा, तब्येतीची हेळसांड नसावी.

तुमची,
पूजा

चांदवड,
ता. १३ फेब्रुवारी १९९८

चि. पूजास आशीर्वाद.

तो पापुद्र्याचा प्रसंग पुस्तकातून काढून टाक. कारण विचारू नकोस. विचारलंसच तर ऐक. मी ताटात कण ठेवणारा माणूस नाही. गुरुजींनी लहानपणी शिकवलं ते आजवर पाळलं. पापुद्रा तर मी आधी खायचो. मग तिच्यासाठी लोणी ठेवणारं ते एक माणूस कोण?

गोरक्ष तिचा आतेभाऊ. आधी सोयरीक त्याच्याशीच ठरत होती, हे तुला कुणी सांगितलं नसेल. अजूनही तो तिला सगळ्यांसमोर चतुरे म्हणून हाक मारतो. मी पन्नास वर्षांत तिला नावानं हाक मारली नाही, आणि याला कोण अधिकार देतो? लहानपणी एका ताटात जेवत असतील. द्राक्षं काय चांदवडला मिळत नाहीत? मी मोसंबी पाठवली होती, तिच्यावर ती दोन तास हसली का?

तीन दिवस जेवण गोड लागत नाही. तुझी आई विचारते, पोटात दुखतं का? तिला काय सांगू? माझ्या घरातलं माणूस दुसऱ्याचं लोणी आठवून पदराआड हसतं, आणि ते छापून गावभर वाचलं जाणार. तिला स्पष्ट विचार आणि उलट टपाली कळव.

आबा

नाशिक,
ता. १७ फेब्रुवारी १९९८

ती. आबांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आजीला सगळं वाचून दाखवलं. चूक झाली असेल तर क्षमा करा. ती इतकी हसली की डोळ्याला पाणी आलं आणि डॉक्टर मला रागावले. मग म्हणाली, बाईमाणूस कुणाच्या ताटात जेवतं हे यांना ठाऊक नसेल तर काय बोलावं! नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून एक माणूस म्हटलं, तर हे गोरक्षाच्या मागे लागले. लग्नाच्या पहिल्या वर्षी पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत रोज पापुद्रा मिळत होता, दिवाळीनंतर बंद झाला, एवढं सांग म्हणाली. पुढचं विचारलं तर झोप आली म्हणते.

तर आबा, तो शिलेदार तुम्हीच! आता प्रसंग ठेवू ना? प्रकाशक घाई करताहेत.

राग थोडा कमी, लोभ पूर्वीइतकाच असू द्यावा.

पूजा

चांदवड,
ता. २१ फेब्रुवारी १९९८

चि. पूजास अनेक आशीर्वाद.

हे पत्र तिला वाचून दाखवू नकोस, तुला माझी शपथ आहे.

दिवाळी म्हटल्यावर आठवलं. त्या वर्षी माझी दाढ किडली होती. कडक पापुद्रा चावला की डोक्यात कळ जायची. म्हणून तो बाजूला राहायचा. दिवाळीत मनमाडला जाऊन दाढ काढली आणि पुन्हा पापुद्रा खायला लागलो. एवढीच हकिगत. त्यात माया नव्हती, दाढ होती. आणि ती बिचारी पन्नास वर्षं तेवढ्यावर बसून आहे.

गोरक्षाचा राग गेला. पण आता माझाच, त्या बावीस वर्षांच्या रंगनाथाचा राग येतो. काही न करता त्यानं नाव कमावलं, आणि मी तिची म्हातारपणची औषधं आणतो, अंगणात खाट टाकतो, त्याचं कुणी पुस्तक करत नाही. खोट्यावर पुस्तक छापू नये असं वाटतं. पण खरं सांगितलं तर तिच्या हातचं काढून घेतल्यासारखं होईल. जीव टांगणीला लागला आहे. तिला लवकर पाठव.

आबा

चांदवड,
ता. १ मार्च १९९८

चि. पूजास आबांचे खूप खूप आशीर्वाद.

तुझी आजी सुखरूप पोचली. डोळा स्वच्छ झाला. आल्या आल्या तिला कोपऱ्यातलं जाळं दिसलं.

पहिल्याच दिवशी जेवताना मी पापुद्रा सोडवला, लोणी खाली सारलं आणि ताट तसंच ठेवून उठलो. ती ताटावर बसली, पापुद्रा उचलून बघितला, आणि मला विचारलं, की आता तर तोंडात एकही दाढ उरली नाही, मग दुखतंय काय?

म्हणजे तिला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून! म्हणे गाल लाडवासारखा सुजला होता, घरात सगळ्यांनाच दिसत होता. मी चिडून म्हटलं, मग पोरीला खोटं कशाला सांगितलंस? तर शांतपणे म्हणाली, पापुद्र्याला दाढ लागते. लोणी तर मऊ होतं, ते का ठेवत होतात?

पूजा, लोणी का ठेवलं ते खरंच आठवत नाही. पण ठेवत होतो एवढं आठवलं. आईची नजर चुकवून, बोटानं सारून. तुझ्या आजीनं तो पापुद्रा दुधात भिजवून खाल्ला आणि ताट स्वच्छ पुसलं.

प्रसंग राहू दे. फक्त शिलेदाराचा गाल दाढेनं सुजलेला दाखव, म्हणजे तो खरा वाटेल. आणि पुस्तक आलं की एक प्रत जास्तीची पाठव. गोरक्षाकडे जाऊन तेवढं पान त्याला मी स्वतः वाचून दाखवणार आहे.

कळावे. आम्हा दोघांचा लोभ आहेच, तुझाही असू दे.

तुझा,
आबा