दहावं पॅनेल

सैदा, ३ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सोलर पॅनेलं खरी कितीला पडली, असं विचारलंस. दुकानदाराच्या पावतीवरचा आकडा सोड. बेकरीची जुनी व्हॅन गेली, हियामच्या दोन बांगड्या गेल्या आणि तिच्या माहेरी महिनाभर मान खाली घालून जेवावं लागलं. नऊ पॅनेलं, बॅटरी आणि एक इन्व्हर्टर, त्याची ही किंमत.

पण माझा फ्रीज रात्रभर चालतो. सरकारी वीज दोन तास येते, जनरेटरवाला मध्यरात्री झोपतो. अशात आईची इन्सुलिन कोण सांभाळणार होतं? बाबांच्या मागे ती तुझ्याकडे असायची, हे मी विसरलेलो नाही. मात्र आता हा फ्रीज सोडून ती एक रात्रही कुठे काढायची नाही, हे छातीठोकपणे सांगतो.

फोनवर तू रेंज नाही म्हणून अर्धंच ऐकतोस, म्हणून अबू निझारच्या टॅक्सीतून कागद धाडतोय. आईने तुझ्या अंजिरांची आठवण काढली. फक्त अंजिरांची.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा रामिज

बारूक, ११ ऑक्टोबर

चि. रामिज यास,
अ. उ. आ.

अंजिरं पाठवली आहेत. ती आईची आहेत. तू वास घे आणि बाजूला हो.

काल न्हाव्याच्या खुर्चीत बसलो होतो. त्याने वस्तरा गळ्यावर ठेवून विचारलं, आई अजून धाकट्याकडेच का, तुझ्याकडे उजेड नाही म्हणून का. गळ्यावर वस्तरा असताना काय बोलणार? घरी येऊन गॅसची बत्ती पेटवली आणि तिच्याकडे बघवेना. आई माझी, मोठा मी, आणि तिला नेलं कोणी, तर एका फ्रीजने.

तेव्हा ऐक. बाबांची शिकारीची बंदूक विकली. इन्व्हर्टर, बॅटरी तुझ्यासारखीच घेतली, त्याच रंगाची. पॅनेलं मात्र दहा. तुझ्यापेक्षा एक जास्त, आणि सगळी एका ओळीत, म्हणजे खालच्या रस्त्यावरून मोजता येतील. माझा मेहुणा, नाजलाचा भाऊ तौफीक बसवणार आहे. आईला सामान आवरायला सांग.

हियामला आशीर्वाद, पोरांचे पापे.
मिल्हेम

सैदा, १६ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बंदूक विकलीस. मला एका शब्दाने विचारलं असतंस तर मी घेतली असती. बाबांनी ती तुला दिली तेव्हाही मला कोणी विचारलं नव्हतं. असो.

आता रागावू नकोस. पॅनेलं एकामागे एक जोडली की त्यांचे व्होल्ट एकात एक मिळत जातात. या इन्व्हर्टरला पाचशेच्या वर सोसत नाही. थंडीत पॅनेलाचा जोर वाढतो. ऐकायला उलटं वाटतं, पण तसंच आहे. इथे समुद्रकाठी दहासुद्धा कदाचित निभावली असती. तुझ्याकडे डोंगरात बर्फ पडून ऊन निघालं की त्या सकाळी इन्व्हर्टर जळणार. नऊवर थांब. दहावं मोजायलाच हवं असेल तर कोंबड्यांच्या खुराड्यावर नुसतं ठेवून दे. रस्त्यावरून कोणाला तार दिसत नाही.

आई दोन दिवस कपड्यांच्या घड्या घालते आहे. मी विचारलं, तर म्हणाली, कपाट आवरतेय.

राग गिळ, लोभ ठेव.
रामिज

बारूक, २ नोव्हेंबर

चि. रामिज यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र तौफीकला वाचून दाखवलं. तो पोट धरून हसला. म्हणाला, नऊवाल्याला दहा बघवेनात. ऊन ते ऊन, त्याला कसली थंडी वाजते, असंही म्हणाला. लहानपणी माझ्या सायकलला घंटी बसली, तेव्हा घंटीने चाक निखळतं असं आईला सांगणारा तूच होतास.

आई पोचली. त्या दिवशी मी भर दुपारी सगळे दिवे लावले. अर्धा गाव कॉफीला आला. समोरची उम्म घस्सान पॅनेलं मोजून गेली आणि परत येऊन पुन्हा मोजली. आता माझं घर कधी अंधारात राहायचं नाही. न्हाव्याकडेही जाऊन आलो. केस वाढले नव्हते, तरी गेलो.

सुखी राहा. जळू नकोस, एवढाच आशीर्वाद.
मिल्हेम

सैदा, ८ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हियाम अजून सकाळी आईचा कप मांडते आणि मग परत उचलून ठेवते. फ्रीजमधला तिचा कप्पा मी रिकामाच ठेवलाय. पोरांनी त्यात लेबनेची, घट्ट दह्याची वाटी ठेवली तर मी ओरडलो. तिच्या खोलीतून तुमच्या घरातलं हसू ऐकू येतं, असं वाटतं. इतक्या लांबून कसं येईल, हे मलाही कळतं.

अबू निझार म्हणाला, तुमच्याकडे बर्फ पडून आकाश मोकळं झालंय. इन्व्हर्टर ठीक आहे का? इन्सुलिनसाठी विचारतोय. गाडीच्या चाकांना साखळ्या चढवून ठेवल्यात. कळव, तासाभरात निघतो आणि तिला घेऊन येतो.

उत्तर लवकर, आणि खरं दे.
रामिज

बारूक, १४ डिसेंबर

चि. रामिज यास,
अ. उ. आ.

इन्व्हर्टर जळाला. बर्फानंतरच्या पहिल्याच सकाळी ऊन पॅनेलांवर आलं, फट् असा आवाज झाला आणि घरभर जळक्या रबराचा वास. तौफीक तेव्हापासून फोन उचलत नाही. शब्द तुझा खरा ठरला; घंटीचाही असेल.

मी कोणाला सांगितलं नाही. वाटलं, आई आता बोचकं बांधणार आणि तू साखळ्या वाजवत येणार. दोन दिवस तिच्याकडे बघायचं टाळलं. तिसऱ्या दिवशी मीच म्हणालो की रामिजला बोलावतो. तिने विचारलं, कशाला. मी म्हणालो, फ्रीज बंद आहे. ती म्हणाली, बरं झालं, रात्रभर घुरघुरायचा. आणि शेगडीत लाकूड सारलं.

गाडी आण, पण तिला न्यायला नको. हियामला आणि पोरांना घेऊन राहायला ये. गॅसची बत्ती पुसून ठेवली आहे.

वाट बघतो.
मिल्हेम

ता. क. इन्सुलिनची काळजी करू नकोस. ती खाली तळघरात, मक्दूसच्या, तेलात मुरवलेल्या वांग्यांच्या बरण्यांमागे गार असते. आल्या दिवशीच आईने तिथे ठेवली. माझ्या फ्रीजमध्ये ती एकदाही गेली नव्हती.