'अँक्शस' या शब्दाचा वापर

प्रिय ताई,

कागदावरचं पत्र बघून तू आधी दचकशील आणि मग माझ्या अक्षराला नावं ठेवशील. ठेव. फोनवर लिहिलं असतं तर दाजींच्या नजरेला पडलं असतं, आणि हे आधी तू एकटीने वाचायला हवं. आई बरी आहे, गुडघ्याची कुरकुर सोडली तर. तिला यातलं मी काहीच सांगितलेलं नाही.

दाजींनी मला त्यांच्या हाताखाली लिफ्ट कंपनीच्या तक्रार विभागात चिकटवलं त्याला सहा वर्षं झाली. हल्ली तिथे पाऊल टाकलं की मळमळतं. आधी वाटलं, हेडफोनमुळे असेल. तीन पाळ्यांची माणसं एकच हेडफोन लावतात. त्याचा स्पंज कायम दमट, त्याला केसांच्या तेलाचा आणि परक्या घामाचा वास. पण तो वास तर मला सहा वर्षं चालला होता. किळस येते ती आमच्या कामाची. फोन आला की आम्ही पडद्यावर एक इंग्रजी फॉर्म भरतो. पत्ता, मजला आणि मग ग्राहकाची मनःस्थिती: शांत, संतापलेला किंवा 'अँक्शस'. संतापलेल्याकडे दोन तासांत मेकॅनिक जातो, कारण असली माणसं पेपरात जातात. शांत माणसाकडे आठवड्याभरात जातो. 'अँक्शस' निवडलं की मेकॅनिक जातच नाही. गोड आवाजात "तुमची काळजी आम्ही समजू शकतो" म्हणायचं आणि तक्रार बंद करायची. ज्याच्या टेबलावरून महिन्यात सगळ्यांत कमी मेकॅनिक सुटतात त्याला टाळ्या आणि कंपनीचं नाव छापलेला मग मिळतो. माझ्याकडे असे चार मग आहेत. मागच्या खेपेला तू त्यातल्याच एकातून चहा प्यायलीस.

मी इंग्रजीत दोनदा आपटलो तेव्हा तू मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून हाच शब्द शिकवला होतास. आठवतं? तू म्हणालीस, हा नुसता घाबरट नव्हे रे, पुढे काय होईल याची धास्ती ज्याला लागलीय तो. डॉक्टर बाहेर येईपर्यंत बाकावर बसलेला नवरा. निकालाच्या आदल्या दिवशीची पोरगी. मग म्हणालीस, वाक्यात वापरून दाखव. मी लिहिलं, 'माझ्यामुळे माझी ताई अँक्शस आहे.' तू हसत हसत पाठीत धपाटा घातलास. पुढच्या खेपेला मी पास झालो.

आता त्या बाईंबद्दल सांगतो. शिवणकाम करून आयुष्य काढलेल्या, सत्तरीच्या. चौथ्या मजल्यावर राहायच्या, नवरा चाकांच्या खुर्चीत. पहिला फोन आला तेव्हा म्हणाल्या, "बाळा, त्रास देते हं. लिफ्ट थांबते ती मजल्याच्या इंचभर खाली. खुर्ची काढताना अडकते." मापाची टेप लावून त्यांनी मोजलं होतं. पुढच्या फोनला दीड इंच. मग सव्वादोन. चार आठवड्यांत नऊ फोन, आणि दर वेळी नवं माप. लिफ्टचा ब्रेक झिजत होता, ताई. आमचा शिकाऊ मेकॅनिकसुद्धा ते आकडे ऐकून धावला असता. पण फॉर्मवर माप लिहायला जागाच नाही. बाईंचा आवाज कापायचा, त्या माफी मागत बोलायच्या, एकदाही ओरडल्या नाहीत. म्हणून नऊच्या नऊ वेळा मी 'अँक्शस' निवडलं. एवढंच नाही. आठव्या फोनला मी माझ्या बाजूचा माइक बंद करून "बाळा, आज साडेतीन इंच" अशी त्यांची नक्कल केली, त्या पलीकडे बोलत असताना. सगळा विभाग खिदळला. दाजीही हसले. मी लाज कोळून प्यायलो होतो, दुसरं काय म्हणणार?

नवव्या फोननंतर पाचव्या दिवशी त्या खुर्ची मागे ओढत बाहेर काढत होत्या. दार उघडं असतानाच लिफ्ट खाली सरकली. त्या बाहेर राहिल्या, नवरा आत पडला. मानेला मार लागला, तिसऱ्या दिवशी गेले.

आता चौकशी लागलीय. आमच्याकडे शोक वगैरे काही नाही, सकाळपासून बैठका. कंपनीचे वकील नाकाने कांदे सोलत म्हणतात, 'अँक्शस' म्हणजे ज्याची काळजी आम्ही मनापासून ओळखली असा ग्राहक. नऊ वेळा तशी नोंद केली, याहून आपुलकी काय दाखवायची? मी समोरच बसलो होतो. मी उठून बेसिनपाशी गेलो आणि खरोखर ओकलो. परत आलो तर त्यांनी मला बिस्किटं पुढे केली.

एक गोष्ट आपण दोघांनी कधीच काढली नाही. फॉर्म तयार होत होता तेव्हा दाजींनी आपण तिघं जेवत असताना तुला विचारलं होतं, उगाच घाबरून फोन करणाऱ्यांसाठी कागदावर बरा दिसेल असा एखादा शब्द सांग. तू पोळी मोडता मोडता 'अँक्शस' सांगितलास. म्हणालीस, यात कुणाचा अपमान नाही. तुला काय ठाऊक होतं ते त्याचं काय करणार आहेत! तुझा दोष नाही, असं मी शंभरदा मनाशी म्हटलंय, आणि तरी तो घास मला आठवतो.

काल दाजी खुशीत माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, तुझ्या ताईला एक पान लिहायला सांगितलंय, या शब्दाचा अर्थ आणि वापर, उदाहरणांसकट. एवढ्या वर्षांची इंग्रजीची शिक्षिका, तिच्या सहीला वजन आहे. गुरुवारी ते पान चौकशीत ठेवणार. ताई, तू लिहिशील त्यातलं एकही वाक्य चुकीचं नसेल, हेच मला सहन होत नाही. त्या बाई समोर बसलेल्या असतील. त्यांच्यासमोर तुझं ते बाकावर बसलेल्या नवऱ्याचं उदाहरण वाचून दाखवतील. गुरुवारी मीही जातोय, नऊ फोनांच्या ध्वनिफिती घेऊन, आणि आठव्या फोनला मी काय केलं तेही सांगणार आहे. माझी नोकरी जाईल, दाजींचीही जाईल, आणि तुझ्या घरात त्यानंतर मला कोणी दार उघडेल असं वाटत नाही. ते पान लिहू नकोस, हे सांगायलाच हे पत्र. लिहिलंस तरी मी जाणार, आणि मग तुझ्या सहीला खोटं ठरवणारा माणूस तुझा सख्खा भाऊ असेल.

बोलणं टाकलंस तरी तुझाच,
धाकटा