उतारावर चालत

आई,

तुला हसू येईल, पण खडीच्या रस्त्यावर सायकल चालवायला मी विमानात बसून इटलीच्या एका बेटावर आले आहे. सार्डिनिया म्हणतात त्याला. गेला आठवडाभर रोज सकाळी निघतो, टेकड्या चढतो, उतरतो, कुठल्या तरी वळणावर एकदम समुद्र दिसतो आणि सगळे थांबून फोटो काढतात. रस्ता म्हणशील तर आपला गोराईचा मुरूमच, फक्त तांबड्याऐवजी पांढरा. याला हल्ली ग्रॅव्हल म्हणतात आणि त्याच्यासाठी जाड टायरची वेगळी सायकल मिळते. आपल्याकडे असल्या रस्त्याला ‘रस्ता अजून व्हायचाय’ म्हणायचे, आणि दर निवडणुकीला तो होणार असायचा. बाकी मला इथे परकं फारसं वाटत नाही. बांधाबांधावर निवडुंग आहे, दगडी गडगे आहेत, दुपारी गावंच्या गावं दारं लावून झोपतात. आत्ताही सगळे झोपलेत. मी खोलीच्या बाहेर अंजिराच्या झाडाखाली बसले आहे.

बरोबरची मंडळी आपल्या बोरिवलीचीच आहेत, रविवारी सकाळी सायकल चालवणारी. त्यांच्यात वयाने मोठी मीच. आमचा म्होरक्या पस्तिशीचा आहे, बाकी सगळ्यांना अरेतुरे करतो आणि मला काकू म्हणतो. काल संध्याकाळी जेवण झाल्यावर तो खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसला. “काकू, रागावू नका हां,” म्हणाला, “चढाला तुम्ही आमच्या पुढे असता आणि उताराला तासभर मागे. उद्या डोंगरावरून थेट समुद्रापर्यंत नुसता उतार आहे. तुम्ही चालत आलात ना, तर बोट चुकेल आपली. एकतर सायकलवर बसा, नाहीतर सामानाच्या व्हॅनमध्ये बसा.” मी म्हटलं, गुडघे दुखतात. तो म्हणाला, गुडघे चालताना जास्त दुखतात. मुलगा हुशार आहे. मी उद्या सांगते म्हणून उठले. मी सायकल एका थर्मासच्या मागे बसून शिकले, हे त्याला कुठून सुरुवात करून सांगणार?

तू महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होतीस. गोराईला, खाडीपलीकडच्या गावांत जाऊन पोरांना लस द्यायचं काम कोणालाच नको असायचं, ते तू मागून घेतलं होतंस. बाबा म्हणायचे, चांगलं पंख्याखाली बसायचं सोडून हिला उन्हात हिंडायची हौस. तू दुसऱ्या दिवशी डबा जरा लवकर भरायचीस. शाळेला सुट्टी असली की मला घरी ठेवायला कोणी नसायचं, मग मीही तुझ्याबरोबर. सायकल होडीत चढवायची, खाडी ओलांडायची, आणि पलीकडे उतरलं की मिठागरं, मग ताडाची झाडं, मग टेकडी. सायकलच्या पुढच्या टोपलीत रुंद तोंडाचा थर्मास, जुन्या लुगड्याच्या घड्यांत बाळासारखा गुंडाळलेला. त्यात बर्फ आणि बर्फात लसीच्या काचेच्या बाटल्या. थर्मासची आतली काच आणि बाटल्यांची काच, म्हणजे काचेत काच. मागे कॅरिअरवर मी. चढ आला की तू मला उतरवायचीस, स्वतः पॅडल मारत हळूहळू वर जायचीस, आणि मी मागून ढकलायचे. उतार आला की तूही उतरायचीस. ब्रेक दाबून, सायकल हाताने धरून, खड्यांतून चाक जपत दोघी चालत खाली. म्हणजे चढाला मी चालत आणि उताराला दोघी चालत. कॅरिअरवर बसायचं सुख मला फक्त सपाटीवर मिळायचं.

पुढे कॉलनीच्या मैदानात तूच मला सायकल शिकवलीस. पॅडल, ब्रेक, घंटी, आणि उतार आला की खाली उतरायचं. मला वाटायचं सायकलचा नियमच आहे तसा, जसं रस्त्याच्या डाव्या बाजूने जायचं तसं. आठवीत असताना वर्गातल्या मुलींबरोबर मी सायकलने डोंगरावर कान्हेरीच्या लेण्यांना गेले. चढताना मी सगळ्यांच्या पुढे होते. येताना त्या सगळ्या ओरडत सुसाट खाली गेल्या आणि मी एकटी सायकल हातात धरून चालत निघाले. मला खरंच वाटत होतं की ह्या मुली चुकतायत आणि आता कोणीतरी त्यांना ओरडेल. खाली फाटकापाशी त्या माझी वाट बघत बसल्या होत्या. माझी खास मैत्रीण, जी पुढे माझ्या लग्नात तुझ्या गळ्यात पडून रडली ती, मला म्हणाली, “येडी आहेस का गं तू? उतारासाठीच तर चढतात ना सगळे.” घरी येऊन मी तुझ्यावर चिडले. तू भाकरी थापत होतीस. तुला इतकं हसू आलं की भाकरी परातीतच मोडली. हसू थांबल्यावर मात्र तू मला तिथेच बसवलंस आणि पहिल्यांदा सगळं सांगितलंस.

ते काम घेतल्यावर सुरुवातीलाच तू एकदा उतारावरून सायकलवर बसूनच खाली आली होतीस. दगडावरून चाक उडालं आणि थर्मास आतल्या आत फुटला. खाली गावात देवळाजवळ बायका पोरांना घेऊन बसल्या होत्या. त्यातली एक लांबच्या पाड्यावरून पोर कडेवर घेऊन चालत आली होती. तू सगळ्यांना पुढच्या खेपेला या म्हणून परत पाठवलंस. पुढच्या खेपेला बाकीच्या आल्या, ती आली नाही. तिचं नाव कोणाला नीट माहीत नव्हतं. तू कितीतरी फेऱ्यांत तिचा पाडा शोधत हिंडलीस, शेवटी तिच्या दारात जाऊन पोराला लस दिलीस. ती तुला म्हणाली होती की मला वाटलं मोठ्या लोकांचं काम, द्यायचं तर देतील, नाहीतर नाही. “तेव्हापासनं मी उतारावर बसत नाही,” तू म्हणालीस आणि दुसरी भाकरी थापायला घेतलीस. त्यानंतर मी कधीच उतारावर बसले नाही. कोणी सक्ती केली नव्हती. मैत्रिणी चिडवायच्या, चिडवू देत म्हणायचे.

मग ती मे महिन्यातली दुपार. मी नववीत गेले होते, माझी वेगळी सायकल होती. काम आटोपून आपण परत निघालो होतो. कोळीवाड्यातली ती म्हातारी, जी तुझ्या थर्मासमध्ये मासळीच्या पेटीतला बर्फ घालून द्यायची, तिने निघताना सुक्या कोलंबीचे सोडे बांधून दिले होते आणि नेहमीसारखी तुला रागावली होती, “काय गो बाय, पोरीला उनाची कशाला फिरवतं?” टेकडीच्या माथ्यावर आल्यावर तू थांबलीस. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि खाडीपलीकडे बोरिवलीच्या इमारती, तेव्हा होत्या तेवढ्या. तू पदराने तोंड पुसलंस. खाली रस्ता वळणं घेत गेला होता, त्यावर चिटपाखरू नव्हतं. तू बराच वेळ त्या रस्त्याकडे बघत होतीस. मग म्हणालीस, “एकदा सोडून द्यावीशी वाटते गं. नुसती. खालपर्यंत.”

मी म्हटलं, “मग सोड ना. थर्मास तर रिकामा आहे.”

“रिकामा म्हणून बसलं की भरलेला असताना पण बसावंसं वाटतं,” तू म्हणालीस. आणि सायकल हातात धरून चालायला लागलीस. मी तुझ्या मागून चालत होते. तुझी पाठ घामाने भिजली होती आणि मला तुझा राग आला होता, आणि तुझं फार वाईटही वाटत होतं. मला वाटलं होतं की एक दिवस तू हे काम सोडशील, मग आपण दोघी मुद्दाम इथे येऊ आणि या उतारावर सायकली सोडून देऊ. तू काम सोडेपर्यंत तुझं कंबरेचं दुखणं सुरू झालं. मग सायकल जिन्याखाली गेली, मग माझं लग्न, आणि मग तू गेलीसच. त्याला आता तीसच्या वर वर्षं झाली.

काल त्या मुलाला काय सांगावं ते मला कळेना झालं ते एवढ्याचसाठी. इतक्या वर्षांत तुझं माझ्याकडे काय उरलंय, सांगू? तुझ्या हाताची चव मला कधी जमली नाही, माझी आमटी सासूबाईंच्या वळणाची झाली. तुझे सणवार मी एकेक करून कमी केले. तुझा आवाज आठवायला बसले तर शब्द आठवतात, आवाज येत नाही. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. एक उतारावरचं चालणं तेवढं राहिलं होतं. उतार आला की मी खाली उतरते आणि मग रस्ता संपेपर्यंत तू पुढे चालत असतेस, भिजलेल्या पाठीची. लोकांना वाटतं काकू घाबरतात. वाटू दे. पण मी एकदा बसून खाली गेले की ही गोष्ट संपली, पुन्हा चालत उतरायला काही कारणच उरणार नाही, ही भीती मला होती. आणि व्हॅनमध्ये बसायचं म्हणजे तर ना तू, ना मी.

सकाळी माथ्यावर पोचेपर्यंत माझं ठरलं नव्हतं. तिथे वारा होता. खाली पांढरा रस्ता झाडांतून बाहेर यायचा आणि परत आत जायचा, आणि शेवटी समुद्र, इतका निळा की खोटा वाटावा. माणसं एकेक करून निघून गेली. व्हॅनवाला दार उघडून उभा होता. म्होरक्या मागे थांबून स्वतःच्याच टायरची हवा बघत होता, त्याचे मी उपकार मानते. मला तुझं ते ‘नुसती, खालपर्यंत’ आठवलं. मग मी स्वतःशी ठरवलं की हा उतार मी आईच्या वतीने उतरेन. तिचं राहिलं होतं ते मी करते, म्हणजे तिला सोडल्यासारखं होणार नाही. मला ते फार पटलं, डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. मी त्या मुलाला म्हटलं, “चल पुढे हो, मी येते.” त्याने विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, नक्की. आणि ब्रेक सोडले.

सुरुवातीला सगळं अंग आखडलं होतं. खड्यांचा आवाज चाकांखालून येत होता, हँडल थरथरत होतं, दात एकमेकांवर वाजत होते. पहिल्या वळणाला मी इतका ब्रेक दाबला की सायकल जवळजवळ उभीच राहिली. दुसऱ्याला थोडा कमी. मग कधीतरी हात सैल झाले. एका कडेला मेंढ्या होत्या, त्या पळाल्या. वाऱ्याने कानांत दुसरं काही ऐकूच येईना. मी ओरडत होते म्हणे, मला आठवत नाही, म्होरक्या सांगत होता की मागून काकूंचा आवाज येत होता आणि त्याला वाटलं पडल्या की काय. खाली वाळूपाशी सगळे टाळ्या वाजवत उभे होते. मला थांबता आलं नाही, मी त्यांच्या पुढे निघून गेले आणि समुद्राच्या अगदी काठाला जाऊन थांबले. मी हसत होते. बोटही चुकली नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी मी ते टाकलं नसतं, कारण पुढचं तुला कळू नये असं वाटतं. तुझ्या वतीने म्हणून मी निघाले होते. माथ्यापासून वाळूपर्यंत, आई, तू मला एकदाही आठवली नाहीस.