सासऱ्यांचं नाव काढलं

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. (तो मनातल्या मनात घातलाय, कारण खुर्चीत बसून बसून कंबर धरली आहे आणि खाली गेलो तर उठवायला घरात सध्या कुणी येणार नाही.) तुझा गुडघा कसा आहे? काकांचा खोकला? इकडे सगळे खुशाल असं लिहायला हात वळला होता, पण निदान तुझ्याशी तरी खरं बोलावं. इकडे कुणीही खुशाल नाही. सासऱ्यांचा गाल सुजलाय. बायको माझ्याशी बोलत नाही. सासरेही बोलत नाहीत. ते रागामुळे की सुजेमुळे, हे विचारायची माझी छाती नाही.

मी ऑफिसात नेमकं करतो काय, असं तू नेहमी विचारतेस. तर एका दातांच्या दवाखान्यात वाट बघणाऱ्यांची यादी भिंतीवरच्या पडद्यावर दिसते, तिचा प्रोग्रॅम माझा. प्रोग्रॅम लिहायच्या जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेत अशा यादीला ॲरे म्हणतात. तीत नाव घालणं सोपं, काढणं महाकठीण. (पाहुण्यांचंही तसंच असतं, पण हे तुझ्याबद्दल नाही.) आधी मी डिलीट वापरलं. त्यानं नाव पुसलं, पण जागा रिकामी तशीच ठेवली, आणि नावं पुकारणारी यंत्रातली बाई त्या रिकाम्या जागेलाही (जिथे काहीच नाही त्याला यंत्र अनडिफाइन्ड म्हणतं) हाक मारू लागली, की अनडिफाइन्ड यांनी आत यावं. लोक एकमेकांची तोंडं बघत बसले. एक आजी म्हणाल्या म्हणे, परदेशातला असेल बिचारा, त्याला भाषा कळली नसेल.

मग फिल्टर लावला. तो नको असलेलं नाव गाळून नवी यादी हातात देतो, जुनीला बोटही लावत नाही. ती नवी यादी आपण ठेवून घ्यायची असते. मी घेतली नाही. (हातात दिलेली वस्तू मी कुठे ठेवतो, हे बायकोला विचार, म्हणजे ती बोलेल तेव्हा.) परिणामी जुनीच यादी पडद्यावर राहिली आणि नुकतीच दाढ काढून कापूस चावत बसलेल्या एका शिक्षकाला पुन्हा आत बोलावणं आलं. तो निमूटपणे गेला, खुर्चीत आडवा झाला आणि आ वासला. पक्कड हातात घेतल्यावर डॉक्टरांच्या लक्षात आलं.

शेवटी स्प्लाइस. हा नावासकट जागाही काढतो आणि मागचे लोक आपोआप पुढे सरकतात. त्याला फक्त कितवी जागा ते सांगायचं. ती आधी शोधून घ्यावी लागते, आणि नाव यादीत नसलं तर उत्तर येतं, उणे एक. उणे एक म्हणजे 'नाही', असं मी समजत होतो. स्प्लाइस समजतो, 'शेवटून पहिला'. आता दवाखान्यातल्या काउंटरवरच्या बाई प्रत्येक बटण दोनदा दाबतात. (त्यांचा यंत्रावर विश्वास नाही. हल्ली माझाही नाही.) पहिल्यांदा दाबलं की आत गेलेल्या माणसाचं नाव यादीतून जायचं. दुसऱ्यांदा दाबलं की ते सापडायचं नाही, म्हणून सगळ्यात शेवटच्या माणसाचं जायचं.

मंगळवारी सगळ्यात शेवटी माझे सासरे होते.

त्यांच्या आधीच्यांचीही नावं उडाली, पण त्यांनी भांडून ती परत घालून घेतली. सासरे जागचे उठले नाहीत. गालाला रुमाल लावून पडद्याकडे बघत बसले. दवाखाना रिकामा झाला, झाडणारा येऊन त्यांच्या पायाखालून झाडू फिरवून गेला, तेव्हा कुठे बाईंनी त्यांना पाहिलं आणि विचारलं, की तुमचं नावच दिसत नाही, मग मघाशीच का नाही सांगितलंत?

सासरे म्हणाले, "माझ्या जावयानं केलंय ते. येईल माझं नाव."

डॉक्टर तोवर निघून गेले होते. मला हे बाईंनी फोनवर सांगितलं. जावयानं नाव काढलं, असं सासरे चारचौघांत सांगत असतात. मी ते अक्षरशः खरं केलं.

आता उणे एक आलं तर काहीच काढायचं नाही, अशी एक ओळ मी घातली आहे. साहेब म्हणतात, झालं काम. (मागच्या तिन्ही वेळी हेच म्हणाले होते.) डॉक्टरांनी सूज उतरायला गोळ्या पाठवल्या आहेत आणि सोमवारी बोलावलंय. मी म्हटलं, आपण दुसरीकडे जाऊ. त्यावर सासऱ्यांनी मानेनंच नकार दिला, आणि बायकोनं माझ्याकडे पाठ करून भिंतीला सांगितलं, की बाबा तिथेच जाणार आणि पडद्यावर नाव आल्याशिवाय उठणार नाहीत. तेव्हापासून मला घास जात नाही. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर जेवलो तरी असतो.

काकांना नमस्कार. तब्येतीला जप.

तुझा हताश भाचा

ता. क. गुडघ्याच्या नादात विचारायचं राहिलं. तुझे दात कसे आहेत?

ता. क. दुसरा. दुखत नसले तरी चालेल. सोमवारी सकाळी ये, सासऱ्यांच्या मागे नाव घाल आणि काही झालं तरी शेवटची राहा. कुणी नवीन आलं तर त्याला तुझ्या पुढे घे. यादीतून चुकून कुणी गेलंच तर तूच जाशील, आणि तू काही गप्प बसणारी नाहीस.