धुक्यातल्या बोटीचे मृत्युपत्र

मी, लिओटा मे कॉर्कम, वय एक्क्याऐंशी, व्यवसाय कादंबऱ्या व प्रवासवर्णने लिहिणे, राहणार लुनेनबर्ग, नोव्हा स्कोशिया. डोळे जवळजवळ गेले आहेत, डोके शाबूत आहे. कोणी भरीस घातलेले नाही. याआधीची माझी सगळी मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. बंदरावरच्या टेकडीवरील घरात माझी धाकटी बहीण एनिड हयात असेतो राहील. तिच्यामागे घर गावच्या वाचनालयाला द्यावे. स्वयंपाकघरातली चूल बदलू नये; ती धूर करते, पण पाव तिच्यातच चांगला होतो.

२. बँकेतली शिल्लक एनिडला. टंकयंत्र दुरुस्त करून वापरणाऱ्या कोणालाही द्यावे. काचेच्या कपाटात ठेवू नये.

३. हॅलिफॅक्सच्या एका समीक्षकाने माझ्या कादंबऱ्यांना खारवलेल्या माशांचा वास येतो असे लिहिले होते. तो हयात असल्यास सातही कादंबऱ्या त्याला पाठवाव्यात. वास त्याने बरोबर ओळखला होता.

४. लॅब्रॅडॉरच्या किनाऱ्यावरील माझे पहिले प्रवासवर्णन, ज्यावर माझे नाव झाले, त्याचे सर्व हक्क एनिडला. कारण सांगणे भाग आहे.

१९६८ च्या उन्हाळ्यात त्या प्रवासात बोटीवर आम्ही दोघी होतो. सातव्या आठवड्यात धुके उतरले. मी बोट लागून खाली आडवी पडले होते. सोबत आलेल्या एनिडने खडकांवर फुटणाऱ्या लाटांचा आवाज ऐकत पाच तास सुकाणू धरले आणि आम्हाला खाडीत आणले. टोरांटोचे प्रकाशक म्हणाले की एकटी बाई बोटीत असेल तर तो प्रवास, दोघी बहिणी असतील तर ती सहल. मी एनिडला वगळले आणि सुकाणू स्वतःच्या हाती दिले. कोणी जबरदस्ती केली नव्हती.

एनिड मासळीच्या कारखान्यात कामाला लागली. मी गावोगाव व्याख्याने देत हिंडले. एकदा आमच्याच वाचनालयात ती मागच्या रांगेत बसली होती. धुक्यात भीती वाटली का, असे एकाने विचारले. मी सुरेख उत्तर दिले. घरी परतताना ती गाडीत इतकेच म्हणाली, "मला विचारलं असतं, तर मी खरं सांगितलं असतं." त्यानंतर नऊ वर्षे ती माझ्या दारात आली नाही. मीही गेले नाही. गाव केवढेसे, तरी जमले.

गेल्या वर्षी डोळे गेले, तेव्हा ती न बोलावता आली आणि नव्या आवृत्तीची मुद्रिते वाचून दाखवू लागली. धुक्याच्या पानाशी थांबली. मी म्हटले, "हे पान काढ. मी सांगते तसं लिहून घे." तिने लिहून घेतले. शेवटी पेन ठेवून म्हणाली, "लिओ, मला एवढी शूर करू नकोस गं. मी सुकाणू धरून रडत होते. तेही घाल."

ते घातले आहे. ते प्रकरण, रडण्यासकट, असल्याशिवाय हे पुस्तक पुन्हा छापू नये. प्रकाशकांना मान्य नसेल तर पुस्तक बंद राहिले तरी चालेल.

५. अंत्यविधीत माझ्या पुस्तकातले काहीही वाचू नये. चहा आणि काकवीचा पाव पुरे.

वरील मजकूर माझ्या वकिलांनी मला दोनदा वाचून दाखवला. एनिड लाभार्थी असल्याने साक्षीदार होऊ शकत नाही. पण तिलाही तो ऐकवला.

खाडाखोडीबाबत: कलम ४ मध्ये "सोबत आलेल्या" हे शब्द एनिडच्या सांगण्यावरून खोडून त्याजागी "बोट चालवणाऱ्या" असे वाचावे. दुरुस्ती मला मान्य आहे. त्या ओळीच्या समासात माझी व दोन्ही साक्षीदारांची सही आहे.

लिओटा मे कॉर्कम

साक्षीदार:
लॉर्न झ्विकर, बोटबांधणी
थेल्मा हेब, निवृत्त पोस्टमास्तरीण

लुनेनबर्ग, ११ ऑक्टोबर २०२२